मुकादमाला सांगा, गड्याला नको : 'एज ऑफ एम्पायर्स २' मधील सैन्याची व्यवस्था

केळीच्या बागेत माल काढायचा असतो तेव्हा मालक टोळीतल्या प्रत्येक गड्याला वेगळे काम सांगत बसत नाही. आज खालच्या पट्टीतला माल काढायचा आहे आणि गाडी बांधावर लागेल, एवढेच तो मुकादमाच्या कानावर घालतो. मग घड कोणी कापायचा, तो वाहून कोणी आणायचा आणि गाडीत कोणी लावायचा हे मुकादम पाहतो. रावेर-सावदा पट्ट्यात वाढलेल्या माणसाला ही व्यवस्था समजावून सांगावी लागत नाही. तरीही संगणकावर 'एज ऑफ एम्पायर्स २' हा गाव वसवून सैन्य उभारण्याचा आणि शत्रूशी लढण्याचा खेळ सुरू केला, की हाच माणूस शंभर सैनिकांना शंभर वेळा हुकूम देत सुटतो, अर्ध्या तासात त्याचे मनगट दुखू लागते, आणि खेळ चांगला असला तरी सैन्य सांभाळणे फार कंटाळवाणे आहे असे म्हणून तो उठून जातो. माझ्या अनुभवाप्रमाणे हा कंटाळा सैन्याच्या आकारामुळे येत नाही. तोच हुकूम पुन्हा पुन्हा द्यावा लागल्यामुळे तो येतो, आणि एकदा दिलेला हुकूम टिकून राहील अशी सोय करण्याची बहुतेक साधने या खेळातच दिलेली आहेत.

मूळ खेळ १९९९ सालचा आहे. आज बहुतेकांकडे असते ती नोव्हेंबर २०१९ मध्ये आलेली त्याची सुधारित आवृत्ती, डेफिनिटिव्ह एडिशन. पुढचे सर्व विवेचन याच आवृत्तीला धरून आहे. नेहमीच्या डावात लोकसंख्येची मर्यादा २०० असते. त्यातले शंभर-सव्वाशे कामकरी धरले तर पाऊणशे ते शंभर सैनिक उरतात, आणि एवढ्या सैनिकांना एकेकटे हाताळणे कोणालाही जमणार नाही. जमवण्याचा प्रयत्नही करू नये.

आधी कळा लावून घ्याव्यात

डाव सुरू करण्यापूर्वी पंधरा मिनिटे काढून हॉटकीचे, म्हणजे कोणता हुकूम कीबोर्डवरच्या कोणत्या कळीने द्यायचा ते ठरवण्याचे, पान उघडावे. तेथे सर्व बराकी एकदम निवडणे, सर्व तबेले एकदम निवडणे, तिरंदाजांच्या सर्व इमारती एकदम निवडणे अशा स्वतंत्र नोंदी आहेत. अनेक जण वर्षानुवर्षे खेळूनही त्यांच्याकडे पाहत नाहीत, याचे मला वाईट वाटते, कारण सर्वांत जास्त कष्ट वाचवणाऱ्या नोंदी ह्याच आहेत. या कळा डाव्या हाताच्या बोटांना सहज पोहोचतील अशा ठिकाणी लावाव्यात. रिकामा बसलेला कामकरी शोधणारी आणि रिकामा उभा असलेला सैनिक शोधणारी अशा आणखी दोन कळा असतात. मूळ मांडणीत त्या पूर्णविराम आणि स्वल्पविराम यांच्यावर आहेत. तेवढा हात लांब करणे गैरसोयीचे वाटत असेल तर त्याही जवळ आणून घ्याव्यात. पहिले दोन-तीन डाव बोटे चुकतील, तेवढे सोसावे.

हुकूम तबेल्याला द्यावा

या खेळात इमारत हाच मुकादम आहे. दोन तबेले असतील तर एकेक उघडून नाईट, म्हणजे चिलखती घोडेस्वार, मागवण्याऐवजी दोन्ही एकदम निवडावेत आणि नाईटच्या चित्रावर क्लिक करावे. खेळ त्या मागणीची वाटणी तबेल्यांमध्ये स्वतःच करतो. शिफ्ट दाबून क्लिक केल्यास एकदम पाच सैनिकांची मागणी नोंदवली जाते. लढाई चालू असतानासुद्धा नजर रणांगणावरून न हटवता ही मागणी देता येते, कारण तबेले निवडण्यासाठी पडदा तबेल्याकडे न्यावा लागत नाही. नजर लढाईवर आणि हात तबेल्यावर, अशी विभागणी एकदा साधली की निम्मे काम हलके होते.

येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. मागणी नोंदवली त्याच क्षणी तिची पूर्ण किंमत भांडारातून वजा होते. एका नाईटला ६० अन्न आणि ७५ सोने लागते; पाच नाईट रांगेत लावले तर ३०० अन्न आणि ३७५ सोने तेथेच अडकून पडते, आणि त्या वेळी एखादी महत्त्वाची सुधारणा करायची असेल तर हात रिकामा राहतो. मागणी रद्द केली तर पूर्ण रक्कम परत मिळते हे खरे. पण रांग दोन-तीन सैनिकांपेक्षा लांब ठेवू नये हे बरे. डावाच्या शेवटी भांडार ओसंडून वाहत असेल तेव्हा मात्र पाच-पाचच्या रांगा लावण्यास हरकत नाही.

आपली शेती किती तबेले पोसू शकते, याचा हिशेबही एकदा करून ठेवावा. नाईट तयार होण्यास ३० सेकंद लागतात, म्हणजे दोन तबेले सतत चालले तर मिनिटाला चार नाईट बाहेर पडतात आणि त्यासाठी मिनिटाला २४० अन्न व ३०० सोने यावे लागते. एवढी आवक नसेल तर तिसरा तबेला बांधून काही उपयोग नाही. तो रिकामाच उभा राहील आणि आपण मात्र पुन्हा पुन्हा त्याच्याकडे डोकावत राहू. कंटाळ्याचे एक छुपे कारण हेच असते. पैसा नसताना मागणी करायला जायचे, ती नाकारली जायची, आणि दहा सेकंदांनी पुन्हा तेथेच जायचे.

गोळा होण्याची जागा

इमारत निवडून नकाशावर उजवे क्लिक केले, की तेथे एक निशाण रोवले जाते आणि त्या इमारतीतून बाहेर पडणारा प्रत्येक सैनिक आपोआप त्या निशाणाकडे चालू लागतो. सैनिक जन्माला येण्यापूर्वीच त्याला पहिला हुकूम मिळालेला असतो. सर्व तबेले आणि बराकी एकदम निवडून एकाच क्लिकमध्ये सर्वांचे निशाण एका जागी लावता येते. जागा कोणती निवडावी, हा मात्र विचाराचा भाग आहे आणि येथेच सर्वाधिक चुका होतात.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत माझा भाचा घरी आला होता. दुपारच्या उन्हात बाहेर जाणे शक्य नसल्यामुळे आम्ही दोघे एकाच संगणकासमोर बसून डाव पाहत होतो. त्याचे दोन तबेले उत्तम चालले होते, सोने येत होते, नाईट निघत होते, आणि तरीही आघाडीवर त्याची फौज वाढत नव्हती. बऱ्याच वेळाने तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मामा, घोडे कुठी गेले?" आम्ही नकाशा मागे आणून तबेल्यापासूनचा रस्ता पाहिला. त्याने निशाण शत्रूच्या किल्ल्याला लागून रोवले होते, कारण पहिला हल्ला तेथे झाला होता. ती लढाई संपून त्याची माणसे मागे आली, निशाण मात्र तेथेच राहिले. नंतर दर अर्ध्या मिनिटाला एकेक नाईट तबेल्यातून निघाला, एकटाच सारा नकाशा ओलांडून गेला आणि किल्ल्याच्या बाणांखाली पडला. आम्ही मोजले तेव्हा असे अकरा नाईट गेले होते. ६६० अन्न आणि ८२५ सोने त्याच्या नजरेआड वाया गेले होते. तो हिरमुसला. मी त्याला एवढेच सांगितले, "अरे, त्यांनी तुझाच हुकूम पाळला."

तेव्हापासून मी एक नियम पाळतो आणि तो सर्वांना सुचवतो. निशाण नेहमी छावणीत असावे, आघाडीवर कधीही नसावे. छावणी म्हणजे आपल्या गावाच्या शत्रूकडील बाजूस, आपल्या किल्ल्याच्या किंवा बुरुजाच्या माऱ्यात येणारी मोकळी जागा. नवे सैनिक तेथे जमतात. दहा-बारा जमले, की त्यांना एकगठ्ठा उचलून आघाडीवर पाठवायचे. यामुळे दर तीस सेकंदांनी एकाकडे पाहण्याऐवजी दोन-तीन मिनिटांनी एकदाच पाहावे लागते, आणि जे पोहोचतात ते बळ म्हणून पोहोचतात. आघाडी फार पुढे सरकली तर तेथे एक बुरूज उभारून छावणीच पुढे न्यावी आणि सर्व निशाणे एका क्लिकमध्ये तेथे लावावीत. किल्ल्यात २० सैनिकांना आत घेता येते व आत असताना त्यांच्या जखमा भरतात, म्हणून छावणी किल्ल्याजवळ असेल तर जखमींची वेगळी व्यवस्था करावी लागत नाही.

तुकड्या वेगानुसार पाडाव्यात

सैनिक निवडून कंट्रोल आणि एखादा आकडा दाबला, की त्या आकड्यावर तुकडी नोंदवली जाते. पुढे तो आकडा दाबला की तुकडी हजर. दोनदा दाबला तर पडदाही त्या तुकडीकडे जातो. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. कोणाला कोणत्या तुकडीत घालावे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

माझे मत असे आहे की तुकड्या वेग आणि काम पाहून पाडाव्यात. नाईटचा वेग १.३५ आहे, तिरंदाजाचा ०.९६, भालेकऱ्याचा १.०, मँगोनेलचा, म्हणजे दगड फेकणाऱ्या यंत्राचा, ०.६ आणि दरवाजा फोडणाऱ्या साध्या रॅमचा ०.५. रचनेत चालणारी मिश्र तुकडी सर्वांत मंद सदस्याच्या वेगाने चालते. नाईट आणि रॅम यांना एका तुकडीत घातले तर घोडेस्वार बैलगाडीच्या मागे अडकलेल्या मोटारीसारखे रखडतात, आणि मग खेळणारा वैतागून त्यांना एकेक करून बाहेर काढू लागतो. म्हणजे टाळायचे होते तेच काम पुन्हा गळ्यात पडते. भालेकरी आणि तिरंदाज यांच्या वेगात फारसा फरक नाही, त्यामुळे ते एकत्र चालू शकतात. मी १ वर घोडदळ, २ वर तिरंदाज, ३ वर पायदळ आणि ४ वर वेढ्याची यंत्रे ठेवतो. पाचापलीकडे मी सहसा जात नाही, कारण ८ आणि ९ या कळांपर्यंत डावा हात पोहोचेपर्यंत लढाईचा निकाल लागलेला असतो. गुर्जरांसारखे राज्य निवडले तर नाईट मिळतच नाहीत, त्यांच्या जागी उंट आणि श्रीवंश स्वार येतात. तरी वेगाचा नियम तोच राहतो.

तुकडीत भरती करण्याची रीत सोपी आहे आणि ती अंगवळणी पडायलाच हवी. तुकडीचा आकडा दाबावा, शिफ्ट दाबून ठेवून छावणीतल्या नव्या सैनिकांभोवती माउसने चौकट ओढावी, म्हणजे जुने व नवे दोन्ही निवडले जातात. मग कंट्रोलसह तोच आकडा पुन्हा दाबावा. एकाच प्रकारचे सैनिक गर्दीतून वेगळे काढायचे असतील तर त्यांपैकी एकावर डबल क्लिक करावे, पडद्यावर दिसणारे त्या प्रकारचे सर्व निवडले जातात. तुकडी बनवली पण भरती केली नाही, तर दहा मिनिटांनी २ दाबल्यावर तिरंदाज तिघेच उरलेले दिसतात आणि उरलेले वीस जण छावणीत बिनकामाचे उभे असतात. रिकामा सैनिक शोधणारी कळ अधूनमधून दाबत राहिल्यास असे विसरलेले लोक सापडतात.

पवित्रा आणि रचना

प्रत्येक सैनिकाला चार पवित्रे देता येतात. आक्रमक पवित्र्यात तो दिसेल त्या शत्रूचा पाठलाग करत राहतो. बचावाच्या पवित्र्यात थोडे अंतर जाऊन परत येतो. जागा न सोडण्याच्या पवित्र्यात टप्प्यात येणाऱ्यावरच मारा करतो. आणि चौथ्यात स्वतःहून हल्ला करतच नाही. नवा लष्करी सैनिक आक्रमक असतो, आणि छावणीत उभी असलेली फौज शत्रूच्या एका हेर घोडेस्वारामागे धावत जाऊन विखुरते ती त्यामुळेच. छावणीत येणाऱ्या तुकडीला बचावाचा पवित्रा द्यावा. हे एकच काम केले तरी भटकलेले सैनिक गोळा करत फिरण्याचा त्रास बराच कमी होतो.

मँगोनेलच्या बाबतीत अधिक जपावे लागते. त्याचे दगड शत्रूबरोबर आपल्या माणसांनाही लागतात. आपले पायदळ शत्रूला भिडलेले असताना मोकळे सोडलेले मँगोनेल दोघांनाही चिरडते. म्हणून ते वेगळ्या आकड्यावर, जागा न सोडण्याच्या पवित्र्यात ठेवावे आणि हातघाई सुरू होताच त्याला हल्ला न करण्याच्या पवित्र्यात आणावे. सर्व सैन्यात एकट्या मँगोनेलवर मी स्वतः लक्ष ठेवतो. बाकीच्यांचे काम मुकादमावर सोपवण्यामागचा हेतूही हाच, की जेथे लक्ष खरोखर लागते तेथे ते द्यायला मिळावे.

चार रचनांपैकी सरळ रांग रोजच्या उपयोगाची आहे. तीत हातघाईचे सैनिक पुढे आणि तिरंदाज मागे उभे राहतात. समोर मँगोनेल दिसले तर विरळ रचना घ्यावी, म्हणजे एका दगडाखाली कमी माणसे येतात. बाकीच्या दोन मला क्वचितच लागल्या आहेत.

चाल करताना नुसते उजवे क्लिक करणे टाळावे. जागेवर क्लिक केले तर सैनिक वाटेत मार खात खात तेथपर्यंत जातात आणि उलटून वार करत नाहीत. त्याऐवजी हल्ला करत पुढे जाण्याचा हुकूम, म्हणजे अटॅक मूव्ह, किंवा गस्तीचा हुकूम वापरावा. वाटेत शत्रू भेटला तर सैनिक स्वतःहून भिडतात. शिफ्ट दाबून एकामागून एक जागांवर क्लिक केले तर हुकमांची रांग लागते आणि तुकडी त्याच क्रमाने जाते. जंगलाला वळसा घालून मागून घोडदळ आणायचे असेल तर चार क्लिक करून द्यावेत आणि तेवढ्या वेळात समोरची आघाडी पाहावी.

वेढा घालताना

खानदेशातल्या माणसाला वेढ्याची गोष्ट अशीरगडावरून सांगता येते. फारुकी सुलतानांनी १३८२ पासून येथे राज्य केले, थाळनेर ही त्यांची आधीची राजधानी आणि बुऱ्हाणपूर नंतरची. अखेरीस सातपुड्यातला अशीरगड कित्येक महिन्यांच्या वेढ्यानंतर १६०१ च्या जानेवारीत अकबराच्या हाती गेला आणि ते राज्य संपले. असा गड घोडे पिटाळून एका दिवसात पडत नाही. खेळातला किल्लाही तसाच आहे, ४८०० जीवनगुणांचा, म्हणजे तेवढा मार सोसणारा, आणि त्याच्यावर तलवारी चालवणे म्हणजे माणसे फुकट घालवणे.

किल्ल्याच्या बाणांचा मूळ पल्ला नकाशावरच्या ८ चौकटींचा असतो आणि ट्रेबुशेचा, म्हणजे लांबवर दगड फेकणाऱ्या वेढ्याच्या यंत्राचा, १६ चौकटींचा. एवढ्या फरकामुळे वेढ्याची सारी आखणी सोपी होते. ट्रेबुशे किल्ल्याच्या माऱ्याबाहेर उभे करून उलगडावेत, म्हणजे माऱ्यासाठी मांडावेत, त्यांच्या पुढे भालेकरी जागा न सोडण्याच्या पवित्र्यात ठेवावेत, कारण ट्रेबुशे मोडायला शत्रूचे घोडदळ धावून येते आणि घोड्यांवर भालेकऱ्यासारखा उपाय नाही. तिरंदाज भालेकऱ्यांच्या मागे. यानंतर सर्व ट्रेबुशे निवडून किल्ल्यावर एकदा क्लिक करावे आणि तेथून नजर काढून घ्यावी. किल्ला पडेपर्यंत नवा हुकूम लागत नाही, आणि त्या वेळात घरची शेती, सोन्याची खाण, छावणीतली नवी भरती सारे पाहून होते.

सोने संपत आले असेल तर ट्रेबुशे परवडत नाहीत, कारण एकाला २०० लाकूड आणि २०० सोने लागते. तेव्हा रॅमवर भिस्त ठेवावी. पायदळ रॅमच्या आत बसवता येते, आणि आत माणसे असली की रॅमचा वेगही वाढतो आणि इमारतीवरचा घावही. पायदळ बाणांपासून वाचते, आणि दोन तुकड्या हाकण्याऐवजी एकच हाकावी लागते. रॅम तुटला की आतले सैनिक बाहेर येऊन लढू लागतात.

घरे आणि शेते

सैन्याचा खोळंबा पुष्कळदा घरांअभावी होतो. एका घरात पाच जण राहतात आणि त्याला २५ लाकूड लागते. दोन तबेल्यांतून मिनिटाला चार नाईट आणि गावाच्या केंद्रातून दर २५ सेकंदांना एक कामकरी निघत असेल तर मिनिटाला सहापेक्षा जास्त माणसे वाढतात, म्हणजे मिनिटाला एकाहून अधिक घर हवे. एका कामकऱ्याला शिफ्टने सलग चार-पाच घरांची जागा दाखवून ठेवली तर तो एकामागून एक बांधत राहतो. शेते पुन्हा पेरण्याची आपोआप चालणारी सोय गिरणीवर आहे, ती डावाच्या सुरुवातीलाच चालू करावी. नकाशा हुडकणाऱ्या घोडेस्वारालाही स्वतःहून हिंडण्याचा हुकूम देता येतो.

सराव

हे सारे वाचून एका डावात जमणार नाही, आणि खऱ्या डावात शिकू पाहणे तर त्रासाचेच आहे. खेळातल्या 'आर्ट ऑफ वॉर' या धड्यांपासून सुरुवात करावी. त्यानंतर सिनॅरिओ एडिटर उघडून एक छोटा नकाशा स्वतः तयार करावा. त्यात वीस नाईट, वीस तिरंदाज, वीस भालेकरी, तीन ट्रेबुशे आणि दोन तबेले आपल्या बाजूला असावेत. समोर शत्रूचा एक किल्ला आणि थोडे घोडदळ पुरे. गती सर्वांत मंद, म्हणजे १.० ठेवावी. आधी तुकड्या पाडाव्यात, मग छावणीत निशाण लावावे, भालेकरी पुढे नेऊन ट्रेबुशे उलगडावेत, घोडदळ शिफ्टने वळसा घालून मागे आणावे, आणि हे चालू असताना तबेल्यांतली भरती थांबू देऊ नये. भाच्याने सुटीतल्या चार दुपारी हाच नकाशा पुन्हा पुन्हा खेळला. पहिल्या दुपारी त्याचे ट्रेबुशे दोनदा मोडले. चौथ्या दुपारी किल्ला पडला तेव्हा छावणीत चौदा नवे नाईट उभे होते आणि त्यांपैकी एकही रस्त्यात मेला नव्हता. तेवढे जमू लागले की गती १.७ वर, म्हणजे नेहमीच्या गतीवर न्यावी आणि तोच नकाशा पुन्हा खेळावा.